आग्नेयेला तोंड

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो. "वळणावर गाडीचं मागचं अंग सुटलं, तर तुमचा उजवा पाय काय करेल?"

सगळे छातीठोकपणे सांगतात, "तुम्ही सांगाल तेच करेल." आणि अर्ध्या तासाने सगळ्यांचे पाय एकच गोष्ट करतात. झटक्यात वर येतात.

तेवीस वर्षं मी लोकांना घसरायला शिकवतोय. शहराबाहेर एक वापरात नसलेली धावपट्टी आहे. तिच्या एका टोकाला आम्ही गुळगुळीत डांबराचं मोठं रिंगण करून घेतलंय. कडेच्या फवाऱ्यांतून त्यावर सतत पाणी पडत असतं. येणारे बहुतेक जण नव्या कोऱ्या स्पोर्ट्‌स कारचे मालक. अननुभवी म्हणावं तर दहा-पंधरा वर्षं गाडी चालवलेले. पण ती साधी, पुढची चाकं ओढतात ती गाडी. तिच्यात जरा चुकलं आणि पाय उचलला, तर गाडी बिचारी सावरते. मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीचं गणित उलटं आहे. वळणातून बाहेर पडताना थोडं जास्त दाबलं की मागची चाकं पकड सोडतात. घाबरून पाय उचलला की गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि शेपूट पुढे यायला निघतं. मग माणूस स्टिअरिंग उलटं फिरवतो, गरजेच्या दुप्पट, आणि गाडी दुसऱ्या बाजूला उसळी घेते. सगळा मिळून पाच सेकंदांचा खेळ. पंधरा वर्षांची चांगली सवयच माणसाचा घात करते.

शिवाय नजर. भीती वाटते तिकडे माणूस बघतो आणि बघतो तिकडे हात वळतात. मोकळ्या मैदानात एकच खांब असला तर नवशिका नेमका त्या खांबावर जाऊन आदळतो.

हे सगळं आधी सांगतोय, कारण घसरणाऱ्या गाडीबद्दल मला न समजणारं काही उरलेलं नाही अशी माझी समजूत होती.

माझ्या भाचीला घरात सगळे ठमी म्हणतात. वय सव्वीस. दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवते. केसाएवढी फट तिला नुसत्या बोटाला कळते. तिने एक जुनी, राखाडी, बुटकी, दोनच सीटांची गाडी घेतली आणि माझ्या ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

ताई फोनवर म्हणाली, "तू तिला गाडी चालवायला शिकवू नकोस. घाबरायला शिकव."

"ते मी कोणालाच शिकवत नाही, ताई. ते सगळे शिकूनच येतात."

"तुझे विनोद तुझ्याकडे ठेव. तिला काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही."

ठमीने दोन आठवड्यांची रजा काढली. रोज सकाळी आठ वाजता आम्ही धावपट्टीवर भेटायचं ठरलं. तिच्या गाडीतली घसरण रोखणारी यंत्रणा मी बटण दाबून बंद केली, शेजारच्या सीटवर बसलो आणि म्हणालो, "चल, पड एकदा."

ती पडली. म्हणजे सगळे पडतात तशीच. पाय वर, स्टिअरिंग उलटं, दोन पूर्ण गिरक्या, काचेसमोरून आभाळ आणि गवत एकापाठोपाठ एक फिरत गेलं आणि गाडी थांबली. ठमी खो खो हसत होती. समोर कुंपण होतं, कुंपणापलीकडे विजेचा मनोरा.

दुसऱ्या गिरकीनंतर समोर मनोरा होता. तिसऱ्या गिरकीनंतरही.

आठव्या गिरकीला माझ्या लक्षात आलं, की मी गाडी थांबायच्या आधीच मनोऱ्याची वाट बघतोय.

गिरकी घेतलेली गाडी कुठल्याही दिशेला तोंड करून थांबते. फासा टाकल्यासारखं असतं ते. पण मला त्यात नवल वाटलं नाही. मी ठमीला म्हटलं, "तू त्या मनोऱ्याकडे बघतेस."

"नाही रे मामा. मी तर डोळेच मिटते."

"म्हणजे त्याहून वाईट."

मंगळवारी मी खडू घेऊन गेलो. गाडी थांबली की उतरायचं आणि नाकाच्या सरळ रेषेत डांबरावर फराटा ओढायचा. पाणी फवाऱ्याचं, त्यामुळे खडू लगेच पुसला जायचा. म्हणून मग होकायंत्र आणलं आणि वहीत आकडे लिहिले. आग्नेय. बारा गिरक्या, बाराही आग्नेय, दोन-तीन अंशांच्या फरकाने.

बुधवारी ठमीला खाली उतरवलं आणि गाडी मी स्वतः फिरवली. मुद्दाम पश्चिमेच्या झाडांकडे नजर लावून. मी गिरकीच्या शेवटी गाडी कुठे थांबवायची हे ठरवू शकतो, पोटापाण्याचा धंदाच आहे तो. गाडी झाडांकडे आली, थांबल्यासारखी झाली आणि उरलेलं अंग हळूच वळवून आग्नेयेला तोंड करून उभी राहिली. बोलावल्यावर माणूस मान वळवतो तशी.

नंतर मी आमच्या केंद्राची जुनी गाडी त्याच रिंगणात फिरवली. सहा गिरक्या, सहा दिशा.

रिंगणाला उतार असेल, तिच्या गाडीच्या मागच्या चाकांचा दांडा वाकलेला असेल, टायर असमान झिजले असतील. मी सगळं तपासलं. मग धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, दीड किलोमीटरवर, टँकरने पाणी मारून तिथे गाडी फिरवली. तिथेही ती आपली ठराविक दिशा धरून थांबली. पण वहीतला आकडा पहिल्या जागेपेक्षा सहा अंशांनी वेगळा होता.

ठमीने वहीत डोकावून पाहिलं. "म्हणजे दिशा नाहीये ती," ती म्हणाली. "जागा आहे."

मी घरून नकाशा आणला. दोन टोकांवरून पट्टीने दोन रेषा ओढल्या. चौदा किलोमीटरवर, शहराच्या पलीकडच्या अंगाला, त्या एकमेकींना छेदत होत्या.

गुरुवारी पुन्हा मापं घेतली. छेद साडेअकरा किलोमीटरवर आला.

शुक्रवारी नऊवर.

तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत होते. ती रेषा कुठल्याच रस्त्याने जात नव्हती. एका तळ्यातून, एका वसाहतीतून, रेल्वेच्या यार्डातून ती आरपार आली होती आणि तिचं पुढचं टोक आमच्या रिंगणाकडे होतं.

शनिवारी-रविवारी सराव नव्हता. शनिवारी सकाळी मी नऊ किलोमीटरवरचा तो बिंदू बघायला गेलो. तिथे एक शीतगृह होतं. मागच्या बाजूला खडी टाकलेलं मोकळं आवार, माल ठेवायचे रिकामे लाकडी पाट एकावर एक रचलेले, भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपांमधून थेंब थेंब पाणी. दुसरं काही नाही. मी दहा मिनिटं उभा राहिलो. यंत्रांची घरघर चालू होती. आपण इतके मोठे झालो आणि हे काय करतोय, असं मनात आलं.

तिथला पहारेकरी जवळ आला. "धावपट्टीचेच का तुम्ही?"

माझ्या शर्टावर केंद्राचं चिन्ह होतं. मी हो म्हटलं.

"काल दुपारी कोणीतरी विचारत होतं. धावपट्टी अजून किती लांब म्हणून."

"कोण होतं?"

"मी कुलूप लावत होतो, मागून विचारलं. मी म्हटलं, नऊ किलोमीटर. वळून बघितलं तर..." त्याने हात झटकला. "आवाज फार दमलेला होता, साहेब. पाणी विचारायला पाहिजे होतं मी."

सोमवारी सरावाच्या आधी दोन्ही टोकांवर एकेकच गिरकी घेतली आणि मापं काढली. छेद शीतगृहापासून किंचित पुढे होता. दोन दिवसांत जेमतेम चारशे मीटर. मी वही उघडून मागचे आकडे मोजले. बुधवारपासून दररोज बारा-तेरा गिरक्या, दररोज अडीच किलोमीटर. म्हणजे एका गिरकीमागे सुमारे दोनशे मीटर. शनिवार-रविवार कोणी फिरलं नाही तेव्हा ते जागचं हललं नव्हतं; चारशे मीटर होते ते आजच्या दोन गिरक्यांचे.

हिशेब तोंडी होण्यासारखा होता. आणखी बेचाळीस-त्रेचाळीस गिरक्या. त्या दिवशीचा सराव मी रद्द केला.

मी गाडीच्या कागदांवरून आधीच्या मालकिणीचा नंबर काढला. बाई शहराच्या पलीकडच्या अंगाला राहत होत्या. माझा पहिला बिंदू त्यांच्या गल्लीपासून फार लांब नव्हता.

"गाडीला आधी कधी अपघात वगैरे?" मी विचारलं.

"नाही. ओरखडासुद्धा नव्हता."

"मग विकलीत का?"

"मिस्टर शिकत होते. त्यांना जमलं नाही." मागे कुठेतरी नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला असावा. "कोण चालवतंय आता?"

"माझी भाची. शिकतेय."

"म्हणजे गिरक्या घेत असेल."

"शिकताना घेतेच गाडी."

"कुठपर्यंत आलंय?"

आलाय नाही, आलीय नाही. आलंय.

"काय आलंय, बाई?"

"आमच्या फाटकापर्यंत आलं होतं," त्या म्हणाल्या. "मग आम्ही गाडी विकली." आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तर कोणी उचलला नाही.

ठमीला मी सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. वही तिनेही पाहिली होती. ती बॉनेटवर बसून ऐकत होती. मध्येच नखाने बोटावरचं पांढरं मेण खरवडत होती.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. ती उद्याच गाडी विकायला लावेल." मग ती म्हणाली, "हे बघ मामा, गिरकी का होते? मला सावरता येत नाही म्हणून होते. सावरायला शिकले तर गिरकीच होणार नाही. म्हणजे ते येणारही नाही. हो ना?"

"हो. पण तू या गाडीत शिकायचं नाही. केंद्राच्या गाडीत शीक."

मंगळवार-बुधवार ती आमच्या जुन्या गाडीत शिकली. बुधवारी संध्याकाळपर्यंत दहातल्या आठ वेळा तिला सावरता येत होतं. पाय खाली स्थिर, हात मऊ, नजर जायचं तिकडे. माझ्या जिवात जीव आला. पण आमची गाडी लांब, जड, दमानं घसरणारी. तिची गाडी बुटकी. तिला विचार करायला वेळच मिळायचा नाही. ठमीलाही ते ठाऊक होतं.

"मामा, ही माझी गाडी नाहीये," जाताना ती म्हणाली. "पहिल्या पावसाळी वळणावर मी पाय उचलणार. तिथे गवत नसेल, समोरून ट्रक असेल."

ती बरोबर बोलत होती. ती घाबरलेली होती आणि बरोबर बोलत होती. मी म्हटलं, "उद्या बघू."

गुरुवारी मला परवान्याच्या नूतनीकरणासाठी कचेरीत जायचं होतं. ठमीला मी तसं कळवलं होतं. रांगेत तीन तास गेले. बारा वाजता धावपट्टीच्या फाटकाशी आलो, तेव्हा आमचा पहारेकरी खुर्ची उन्हातून सावलीत ओढत होता.

"ठमीताई आल्यात," तो म्हणाला. "आठ वाजल्यापासून. तुम्हीच सांगितलंत म्हणाल्या."

फवाऱ्यांचा आवाज येत होता. आणि त्यावरून टायरची ती लांब, ओली किंचाळी.

मी वॉकीटॉकी घेऊन पळत सुटलो; तिची जोडी सरावाच्या वेळी गाडीत असायची. छप्पन्नाव्या वर्षी माणसाने पळू नये. रिंगणाच्या कडेला पोचलो तेव्हा छातीत भाता चालला होता. भर दुपार, आभाळ स्वच्छ, सावली पायाखाली. राखाडी गाडी रिंगणात गोल गोल चालली होती.

"ठमे, थांब."

"मामा! अरे जमतंय. दहातल्या सात-आठ वेळा जमतंय मला."

"किती फिरलीस?"

"मोजल्या नाहीत."

"अंदाजे सांग."

वॉकीटॉकीत नुसती खरखर. मग, "तीस-चाळीस?"

आणि त्याच क्षणी मागची चाकं सुटली. बहुधा माझ्याशी बोलता बोलता तिचं लक्ष उडालं. गाडी दीड गिरकी फिरली आणि थांबली. नाक कुंपणाकडे नव्हतं, मनोऱ्याकडेही नव्हतं. नाक होतं रिंगणाच्या मध्याकडे.

"गाडी बंद कर आणि उतर," मी म्हणालो.

ती उतरली नाही. तिने गाडी पुन्हा चालू केली. "कडेपर्यंत आणते," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "इथे नाही उतरायचं मला."

ओल्या डांबरावर, घाईत, तिने जरा जास्त दाबलं. पुन्हा गिरकी.

या वेळी गाडी रिंगणाच्या पलीकडच्या बाजूला थांबली होती. नाक पुन्हा आतल्या बाजूला. माझ्या डोळ्यांसमोर दोन रेषा आपोआप ओढल्या गेल्या. नकाशा लागला नाही. त्या माझ्यापुढे वीस पावलांवर छेदत होत्या.

तिथे काही नव्हतं. काळं डांबर, त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा.

फवाऱ्याचा झोत फिरत फिरत आला. डांबरावर पाणी पडतं तेव्हा तडतड असा आवाज होतो. तेवीस वर्षं तो आवाज माझ्या कानांत आहे. झोत त्या जागेवरून गेला, तेव्हा तो आवाज बदलला. पाणी कापडावर पडल्यासारखा झाला.

झोत पुढे गेला. पुन्हा तडतड.

"मामा," ठमी म्हणाली. तिचा श्वास वॉकीटॉकीत ऐकू येत होता. "मला बाहेर काढ."

"काढतो. ऐक. पहिला गिअर. हळू. अंड्यावर पाय ठेवल्यासारखा."

गाडी हलली. रिंगणाच्या कडेने वळायला लागली. मागचं अंग थरथरलं.

"शेपूट जातंय."

"जाऊ दे. पाय उचलू नकोस."

"मामा, ते—"

"पाय उचलू नकोस. तिकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ."

तिने बघितलं. काचेतून तिचा चेहरा मला दिसला, पांढराफटक, डोळे माझ्यावर रोवलेले. तिचे हात हलले, मऊ, नेमके तेवढेच. पाय हलला नाही. शेपूट झुललं, अर्ध्यावर थांबलं आणि सावरलं. इतकी सुंदर सावरलेली गाडी मी फार थोड्या वेळा बघितली आहे. नजर जिकडे होती तिकडे गाडी निघाली, सरळ, माझ्या रोखाने.

मग मला कळलं, की मी कुठे उभा आहे. तिच्या आणि माझ्या मध्ये काय आहे.

"नको," मी म्हणालो. वॉकीटॉकीचं बटण दाबलं होतं की नाही, आठवत नाही.

गाडी त्या जागेवरून गेली. धक्का नाही, आवाज नाही. फक्त तिची पुढची बाजू किंचित खाली बसली आणि वर आली, घरासमोर कोणाला घ्यायला थांबल्यावर गाडी बसते तशी.

ती माझ्यापासून दोन पावलांवर थांबली. ठमीने काच खाली केली. तिचे गाल ओले होते आणि ती हसत होती.

"जमलं," ती म्हणाली. "मामा, जमलं ना? गिरकी नाही झाली."

"नाही झाली."

"मग संपलं."

"संपलं," मी म्हणालो. मी आधारासाठी टपावर हात ठेवला आणि गाडीला वळसा घालून पलीकडे गेलो.

"बस ना," ती आतून म्हणाली. "घरी सोडते तुला. आईला तूच सांग."

मी दार उघडलं. शेजारची सीट रिकामी होती. तिचा पट्टा लावलेला होता, खटक्यात नीट अडकवलेला. तो सीटच्या पाठीला टेकलेला नव्हता. वीतभर पुढे, ताणून बसला होता.